गंगव्वाची परीक्षा

आमचं गाव उमरग्याच्या पल्याड, कानडी मुलखाच्या कडंला. घरात कानडी, बाजारात मराठी आन कचेरीत उर्दू, असं आमचं समदं. आमी लिंगायत, वडील कापडाचं गाठोडं घिऊन आठवडी बाजार करायचे, त्यांना वाटायचं पोरानं तरी सावलीत बसून खावं, म्हनून मला नळदुर्गाला उर्दू मदरशात, म्हंजी सरकारी शाळंत घातलं, आन शिकून म्या आमच्याच गावच्या शाळंत मास्तर झालो. उर्दू शिकवनारा मास्तर म्हनून लोक मौलवीसाब म्हनायचे. गळ्यात लिंग आन नाव मौलवीसाब, तुमाला हसू येतंय ना ताई, तवा कुनाला यायचं न्हाय, निजामाचं राज्य व्हतं.

तुमी म्हनता तुमाला शाळंतल्या लेकरांच्या मनाचं काम करायचंय, त्याचं शिक्षण घेताय, म्हनून जुन्या मास्तरांना इचारत फिरताय. मंग ऐका, ते शिक्षण म्या बी घेतलंय. व्हय. सरकारनं मला औरंगाबादला ट्रेनिंगला धाडलं एक साल, आन तितं एक पर्चा व्हता इल्म-ए-नफ्सियात, म्हंजी मनाचं शास्तर. बाकीचे मास्तर त्याला कंटाळायचे, मला लई गोडी लागली. काय सांगू तुमाला, तवर मला वाटायचं लेकरू शिकत न्हाय म्हंजी माजलंय, छडी दिली की शिकतंय. तितले उस्ताद म्हनले, मारू नका, आदी मोजा, डोकं किती चालतंय ते मोजा. त्यांनी वीस सवालांचा छापील कागद दिला, उर्दूतला, आन नियम सांगितले. सवाल जसा लिवलाय तसाच वाचायचा. दुसऱ्या बोलीत सांगायचा न्हाय, समजावायचा न्हाय, पुन्यांदा इचारायचा न्हाय. आन लेकराच्या तोंडाकडं बगायचं न्हाय, नजर कागदावर ठेवायची, न्हायतर मास्तरच्या तोंडावरून लेकरू जबाब वळखतंय. घरात आमच्या लिंगायतांची वचनं पाठ केली तसे म्या हे नियम पाठ केले.

सनद घिऊन गावी आलो तर तालीमखात्याचे नाझिरसाब, शाळा तपासनारे सायब, म्हनले, तालुक्याला एक मानूस नेमायचाय, शाळा शाळा फिरून लेकरं तपासनारा, अशी सनद तुमच्याकडंच हाय, एकदा आमच्यासमोर काम करून दाखवा. मला तर हात आभाळाला टेकल्यासारखं झालं. वडलांनी गावभर सांगितलं.

आता गंगव्वाचं सांगतो. माजी अक्का नवरा वारल्यावर आमच्याच घरी राहायला आली व्हती, तिची ही लेक, सात वर्साची. घरात तिचं तोंड मिटायचं न्हाय, समदं कानडीत, कोंबडीशी बी बोलायची. शाळंत समदं उर्दू, तितं मातर गप. म्याच तिचं नाव घातलं व्हतं, अक्का नको म्हनत व्हती, पोरीला काय करायचंय शिकून म्हनं, म्या हट्टानं घातलं.

नाझिरसाब आले, खुर्चीवर बसले, आन रांगंतनं काठीनं एक लेकरू दावलं. ती नेमकी गंगव्वा. माजी भाची हाय म्हनून सांगावं का न्हाय, सांगितलं तर म्हनतील सवाल शिकवून ठिवलेत, म्हनून म्या गप बसलो. तिला म्होरं घेतलं आन उर्दूत पयला सवाल वाचला. ती माज्या तोंडाकडं बगत राहिली. मला कळत व्हतं ती बगती, मानसाला कळतंय की. एकदा नुसतं हेळव्वा म्हनलो असतो, सांग बाई, येवढं कानडीत म्हनलो असतो, तर ती बोलली असती. पर नियम व्हता, म्या नजर कागदावर ठिवली. वीस सवाल वाचले, वीस बारीला ती बगत राहिली, आन वीस बारीला म्या तितं शून्य लिवलं. खाली एक शब्द लिवायचा असतो, तो बी लिवला. कुंदजेहन. म्हंजी मंद डोक्याचं लेकरू. नाझिरसाब खूश झाले, कागद सकाळी डाकबंगल्यावर आनून द्या म्हनले.

सांजंला जेवाय बसलो तर गंगव्वा मला इचारती, मामा, तू शाळंत ते काय वाचत व्हतास? म्या तिला एकेक सवाल कानडीत सांगितला, आन ती भाकरी खात खात जबाब द्यायला लागली. घरला आग लागली तर काय करशील, असा एक सवाल व्हता. ती म्हनली, आदी वासरू सोडीन, मंग अव्वाला, म्हंजी आईला, हाक मारीन, अव्वाला पळता येतंय, वासराला दावं असतंय. औरंगाबादला शिकलेल्या मास्तरांनी बी असा जबाब दिला नसता. विसाच्या वीस सवालांचे जबाब दिले पोरीनं. कागद माज्या सदऱ्याच्या खिशात व्हता, तितंच, छातीपाशी.

आन सकाळी म्या तो तसाच डाकबंगल्यावर निऊन दिला. नियम म्हनत व्हता पुन्यांदा इचारायचं न्हाय, म्हनून दिला असं म्या लोकांना सांगितलं. खरं सांगू ताई, नियमाचं नाव पुढं केलं, मला ती नेमनूक पाहिजे व्हती. ह्यो मानूस काय बी झालं तरी नियम मोडत न्हाय, असं सायबाला दिसावं वाटत व्हतं.

तिचं नाव शाळंतनं कमी झालं. चपराशानं गावात सांगितलं, पोरगी डोक्यानं कमी हाय, सरकारी कागदावर लिवलंय. अक्का माज्याशी बोलायची बंद झाली, मरंस्तवर बोलली न्हाय. गंगव्वा बी हळूहळू गप झाली, घरात सुदिक. दहाव्या वर्सी लगीन लावलं, सासरच्यांनी वरसात माघारी आनून घातली, कमी डोक्याची हाय म्हनले. आन माजी नेमनूक? हुकूम यायच्या आदी रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला, मंग पोलीस ॲक्शन, निजामाचं राज्यच गेलं. नव्या सायबाम्होरं सनद ठिवली, त्यानं उलटी का सुलटी धरायची ते मलाच इचारलं. पुन्यांदा मराठीत ट्रेनिंग करा म्हनला. केलं, रिटायर होस्तवर शिकवलं. पर त्या कागदाचं काय करनार, त्याला आता कोन फिरवनार.

तुमचं शिक्षण पुरं व्हावं, चांगली नोकरी लागावी, म्हाताऱ्याचा आशीर्वाद हाय. मनातनं देतोय. पर माज्याकडनं शिकावं असं काय न्हाय बगा.

आत्ता तुमाला चहा घिऊन आली ना, ती गंगव्वा. तुमी तिला नाव इचारलं, आजी तुमचं नाव काय, तर ती बोलली न्हाय, माज्या तोंडाकडं बगत उभी राहिली. कुनी काय बी इचारलं की ती असंच करती, इतकी वरसं झाली.

आन म्या बी, तुमी बगितलं असंल, खालीच बगत व्हतो.