जरा हात फिरवा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, संस्थेचे सर्व पदाधिकारी, व्यासपीठावरचे आमचे मुख्याध्यापक सर, ज्यांनी आत्ता इतक्या गोड आवाजात माझं मानपत्र वाचलं ते भाषेचे सर, माझे सहकारी, मागं भिंतीला टेकून उभे असलेले शिपाईमामा आणि फाटकावरचे पहारेकरी काका, पालक मंडळी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून सतरंजीवर बसवलेल्या माझ्या मुलांनो,

निरोपाला उत्तर देताना माणसाचा गळा दाटून यावा अशी रीत आहे. मी त्या तयारीनं पर्समध्ये दोन रुमालही टाकले होते. पण मानपत्रातलं एक वाक्य ऐकलं आणि रडू जे पळालं ते पळालंच. सर, तुमच्याइतकं गोड मला जमणार नाही, तरी परत वाचते. "बाईंचा हात ज्या ज्या वस्तूवरून फिरला, तिचं सोनं झालं." टाळ्या पडल्या त्यावर. अध्यक्ष महोदय, खरं सांगू का? मला ते वाक्य मानपत्रातून खोडावंसं वाटलं.

पाहुण्यांना कळणार नाही म्हणून सांगते. आमच्या शाळेत 'हात फिरवणे' याला एक खास अर्थ आहे. मुलांनी केलेली वस्तू प्रदर्शनात जायच्या आधी शिक्षकांच्या खोलीत येते. मग कोणीतरी म्हणतं, "बाई, जरा हात फिरवा." म्हणजे वाकडी रेघ सरळ करा, रंग बाहेर गेला असेल तर आत घ्या, नाक बसकं असेल तर वर काढा. मूल तेच, चिठ्ठीवर नावही त्याचंच, फक्त वस्तू आपली. एकतीस वर्षं मी हात फिरवला. बोटांना गोंदाचा वास लागलाय तो आता साबणानं जायचा नाही.

सुरुवातीला असं नव्हतं हो. शाळा सुटल्यावर ज्यांच्या घरी कोणी नसे, ती मुलं मागच्या खोलीत थांबत. त्या वर्गाला नावच नव्हतं. 'थांबणारी मुलं' एवढंच म्हणायचे. एक नळ, दोन घमेली, एक डुगडुगणारं टेबल आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. उत्तरपत्रिका भिजवायच्या, कुटायच्या, त्यात खळ घालायची आणि त्या लगद्याचं जे सुचेल ते करायचं. नापास झालेला पेपर स्वतःच्या हातानं कुटताना मुलं इतकी खूश असत की विचारू नका. तिथं मी कोणाला काही शिकवलं असेल असं मला वाटत नाही. मी फक्त नळ बंद करायला सांगत असे.

मग कोणाच्या तरी मनात आलं, याला नाव द्या. नाव दिलं 'समृद्धी वर्ग'. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! नाव आलं की फलक येतो, फलक आला की माहितीपत्रक येतं, माहितीपत्रक आलं की फोटो लागतात. बुद्धिबळाचा पट मांडून दोन मुलांना हनुवटीखाली मूठ धरून बसवलं. फोटो झाल्याबरोबर पट कपाटात, कारण सोंगट्या हरवतात. त्या फोटोत दोन्ही राजे एकाच बाजूला आहेत. चार वर्षं छापतोय आपण तो फोटो, कोणाच्या लक्षात आलेलं नाही. समूहगीतात सहा मुलांना "नुसते ओठ हलवा, आवाज काढू नका" असं सांगितलं होतं, ती सहाही आज समोर बसली आहेत. हसू नका रे, तुमच्यावर नाही बोलत मी. वाटाण्याची रोपं दोन बोटं वाढली असं मुलांनी वहीत लिहिलं, तारखेसकट. पाहणी समितीच्या दिवशी त्या वहीशेजारी रोपवाटिकेतून आणलेलं गुडघाभर झाड उभं! एका मुलानं मला विचारलं, "बाई, मग वहीत खोडू का?" आणि त्याला मी काय सांगितलं? "खोड."

किळस येते. दुसऱ्यांची येते त्याहून जास्त स्वतःची येते. मुख्याध्यापक सर, पाण्याचा ग्लास नको मला. आणि ती घंटाही राहू द्या. माईक बंद केलात तरी चालेल, एकतीस वर्षं मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवलाय मी.

आता या टेबलावर, फुलदाणीशेजारी शोभेला ठेवलेला हा हात बघा. कागदाच्या लगद्याचा, मनगटापासून पुढचा, पालथा. आठ महिन्यांपूर्वी याच हातानं आपल्या शाळेला पहिलं पारितोषिक मिळवून दिलं. एरवी तो मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेच्या कपाटात असतो. खाली चिठ्ठी आहे, पाचवीतल्या एका मुलीच्या नावाची. तिला सगळे 'शंका' म्हणतात, कारण ती दर पाच मिनिटांनी बोट वर करते, "बाई, एक शंका आहे." आई नाही तिला. बाबा लाकूड कापायच्या गिरणीत कामाला, सहा वाजून गेल्यावर घ्यायला येतात. म्हणजे तीसुद्धा थांबणारीच.

तीन आठवडे ती या हातावर काम करत होती. नखं केली, शिरा केल्या, अंगठ्याशेजारचा एक जुना व्रण केला. शेवटी माझ्यापुढं ठेवला तेव्हा मी बोटं मोजली. चार! अंगठा धरून चार. करंगळीच नाही. मी मनात म्हटलं, विसरली बिचारी, नाहीतर लगदा संपला असेल. करंगळीच्या जागी तिनं पॉलिश कागदानं घासून घासून इतकं गुळगुळीत गोल केलं होतं की आंधळ्यालासुद्धा कळलं असतं, हे विसरलेलं नाही, हे केलेलं आहे. मला कळलं नाही. जिला दर पाच मिनिटांनी शंका यायची, तिला मी एक साधी शंका विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी समिती यायची होती. "बाई, जरा हात फिरवा." मी तार घातली, लगदा चढवला, रंग जुळवला आणि पाचवं बोट बसवलं. काय बेमालूम बसलं म्हणून सांगू! शिक्षकांच्या खोलीत वाहवा झाली. मला आनंद झाला होता, हेही सांगून टाकते.

बक्षीस समारंभ याच सभागृहात झाला. पाहुण्यांनी तिला वर बोलावलं, पाठीवर थाप मारली आणि माईक तिच्यापुढं धरून विचारलं, "हा हात तूच केलास ना?" तिनं हाताकडं बघितलं आणि म्हणाली, "नाही. हा माझा नाही."

सभागृह हसलं. "लाजतात हो मुलं," असं म्हणून कोणीतरी वेळ निभावून नेली. दुसऱ्या दिवशी तिला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं. पाहुण्यांसमोर शाळेची अब्रू घालवलीस, खोटं का बोललीस? ती रडली नाही, वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "बाईंना विचारा."

माझ्यावर किती भरवसा असेल त्या पोरीचा! सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. बक्षीस होतं, समिती होती, माझी निवृत्ती वर्षावर आली होती. मी म्हणाले, "तिनंच केलाय."

त्यानंतर तिनं मला एकही शंका विचारलेली नाही.

तिच्या नोंदपत्रकात शेरा आला: 'खोटे बोलण्याची सवय. समृद्धी वर्गास अपात्र.' संध्याकाळी तिचे बाबा आले. गिरणीतून थेट, केसांत भुसा. एरवी त्यांचा उजवा हात कायम खिशात. त्या दिवशी त्यांनी तो बाहेर काढला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "लहान आहे साहेब, चुकलं तिचं. एवढ्या वेळी सांभाळून घ्या. मला येईपर्यंत सहा वाजतात, तिला ठेवू कुठं?"

आणि मी ते जोडलेले हात पाहिले. डावा, पाच बोटांचा. उजवा, चार बोटांचा. करंगळीच्या जागी गुळगुळीत, गोल. अंगठ्याशेजारी जुना व्रण. त्यांच्या बरोब्बर मागं काचेच्या कपाटात माझ्या पाचव्या बोटासकट तो बक्षीसपात्र हात. खोलीत आम्ही पाच शहाणे होतो. चौघांना दिसलं नाही. मला दिसलं आणि मी मूग गिळून उभी राहिले. किळस म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

आठ महिने ती मुलगी फाटकाजवळच्या बाकावर बसते. साडेतीन ते सव्वासहा. आत समृद्धी चालते, बाहेर ती दप्तर मांडीवर घेऊन बसते. पहारेकरी काका तिला आपलं वर्तमानपत्र वाचायला देतात. काका, या शाळेतला शाळा सुटल्यानंतरचा खरा वर्ग गेले आठ महिने तुम्ही चालवताय, त्याबद्दल सर्वांच्या वतीनं आभार.

गेल्या आठवड्यात मी आजच्या कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला सव्वासहाला फाटकावर गेले. मनात म्हटलं, बापाच्या कानावर तरी घालावं. धीर करून म्हणाले, "तिचा तो हात..." त्यांनी मला पुढं बोलूच दिलं नाही. पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून बाजूला घेतलं आणि म्हणाले, "जाऊ द्या बाई. माझा राग नाही तिच्यावर. समारंभाला मी मागं उभा होतो. पाच बोटं बघितली आणि समजलो. पोरीला चार बोटांची लाज वाटली असणार, तिनंच पाचवं लावलं असणार. आणि वर म्हणाली, हा माझा नाही. लेकरू आहे. मोठी झाल्यावर कळेल तिला."

ऐकलंत? आठ महिने या माणसाला वाटतंय की लेकीनं त्याचा हात नाकारला. आणि लेकीला वाटतंय की खरं बोललं की बापाला हात जोडावे लागतात. दोघं रोज सव्वासहाला एकमेकांचा हात धरून घरी जातात आणि याबद्दल अवाक्षर बोलत नाहीत. हे आपल्या समृद्धी वर्गाचं काम. माझं काम. त्याच फाटकावर सांगून टाकता आलं असतं की नाही? आलं असतं. पण तिला खोटं ठरवलं ते चारशे माणसांसमोर, मग खरं ठरवायचं ते कोपऱ्यात, कुजबुजत? ते मला पटलं नाही.

तेव्हा शेवटच्या रांगेत उजवा हात खिशात घालून बसलेले बाबा, ऐका. तुमच्या मुलीनं तुमचा हात जसा आहे तसा केला होता. शीर न् शीर. करंगळीची जागा तिनं तीन दिवस घासली, कारण ती तिला नीट ठाऊक होती. ते पाचवं बोट माझं. ती खरं बोलत होती आणि मी खोटं बोलले. अगदी तोंडावर, तिच्या देखत.

मुख्याध्यापक सर, आपण मला घड्याळ देणार आहात असं कळलं. घड्याळ नको. त्या शेऱ्यावर काट मारा, आणि खाली लिहा की खोटं बोलणाऱ्या बाई निवृत्त झाल्या. सही मी करते, पेन आहे माझ्याकडं. उद्या साडेतीनला ती पोर मागच्या खोलीत असली पाहिजे. अध्यक्ष महोदय, आपण मान हलवलीत. ही मान सर्वांनी पाहिली आहे, एवढं लक्षात असू द्या.

आता जरा हा हात... थांबा, फुलदाणी सरकवा कोणीतरी. निघत नाही. मीच तार घातलीय ना, आत दोन पेरं. हसताय काय, चांगलं काम होतं माझं! हं. आली. तारेसकट आली.

इथं आता खरबरीत राहिलंय. तिनं किती गुळगुळीत केलं होतं. बेटा, मला काही ते तसं परत करता येणार नाही. तू ये आणि तुझा हात घेऊन जा. पॉलिश कागद मागच्या खोलीत खिडकीखालच्या डब्यात आहे. बाबा, तुम्हीही या ना तिच्याबरोबर. तो हात खिशातून काढा, तिला धरायला लागेल.

करंगळी मी माझ्याबरोबर नेते. एकतीस वर्षांत मी या शाळेत जे केलं, त्यातलं फक्त माझं म्हणावं असं एवढंच आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, ज्यांना ऐकवत नव्हतं तेही बसून राहिले, त्याबद्दल मनापासून आभार. चहा-बिस्किटांची सोय बाहेर व्हरांड्यात आहे. माझ्या बोलण्यात उणं-अधिक झालं असेल, एखादा शब्द वाकडा गेला असेल, तर तो पोटात घाला. पण या भाषणाचा वृत्तांत शाळेच्या वार्षिकात छापणार असाल, तर एक हात जोडून विनंती आहे. दुसऱ्या हातात ही करंगळी आहे. वाकडं आहे ते वाकडंच राहू द्या. कृपा करून त्यावर कोणी हात फिरवू नये.