बदक, चेरी, कासव

“बालवाडीच्या साहेबांनी सायबर प्रशिक्षणाच्या कागदावर आमच्या सह्या घेतल्या आणि प्रशिक्षण दिलंच नाही!” बल्गेरियातल्या प्लोवदिव शहराच्या दवाखान्यात, रांगेत उभी बालवाडीशिक्षिका राडोस्वेता कडाडली. मागच्या दोन्का आजींनी कान टवकारले. त्यांची नात तिच्याच वर्गात होती.

“म्हणून चोराला मुलांची यादी पाठवलीस?” पुढे उभ्या मैत्रिणीने, गालिनाताईंनी विचारलं.

“यादी मागणाऱ्या ईमेलवर नगरपालिकेचा शिक्का होता, गालिनाताई! कळल्यावर मी स्वतःच पोलिसांकडे गेले.”

“मग आता हसतेस काय?”

“त्यांनी यादी उघडली. बदकाला दूध चालत नाही, कासव दुपारी झोपत नाही, चेरीला आजी न्यायला येते!”

“म्हणजे मुलांच्या टॉवेलांवर ओळखीसाठी असतात ती चित्रं?”

“हो! पोरांना वाचता येत नाही ना, म्हणून यादीही चित्रांचीच. नाव-पत्ता एकाचाही नाही.”

“सुटलीस गं बाई!”

दोन्का आजींनी पुढे होऊन राडोस्वेताचा दंड धरला.

“चेरीची आजी मीच. चल त्या साहेबाकडे. सह्या कशाच्या घेतल्या, ते मला तोंडावर सांगू दे त्याला!”