पाठीवरचं ऊन

तुम्ही हसा, पण गळ फेकण्यात आजही माझा हात कुणी धरणार नाही. हिमाचलच्या नदीत ट्राउट पकडायला जायचं, म्हणून महिनाभर रोज ऑफिसच्या आधी इथे आखातात, अल मुंतझातल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सराव केला. गळाची नकली माशी पंधरा पावलांवरच्या बादलीत बरोब्बर पडायची. वॉचमन थापाजी नेपाळच्या डोंगरातले. रोज म्हणायचे, "साब, सूरज पीछे है."

मी म्हणायचो, "तो क्या धूप आँख में लूँ?"

नदीवर तीन दिवस माशी हवी तिथेच पडली, पण मासा एक नाही! परत आलो, तर थापाजींनी किती मिळाले हे विचारलंच नाही. म्हणाले, "पानी पे पहले क्या पहुँचा साब, मक्खी या आपकी परछाई?"