दोन किलवरवर पास

...आणि वर मलाच विचारतात, "पास का म्हणालात?" आता पासला कारण असतं का हो? कारण असतं तर माणूस दुसरं काहीतरी म्हणाला नसता का? तुम्हाला सांगतो, टेबलाभोवती चार जण, तिघं माझ्याकडे बघतायत, चौथा मी, आणि मीही माझ्याच हाताकडे बघतोय, की बाबा रे, तू हे काय करून बसलास... पण थांबा. असं मधूनच सांगितलं तर तुमच्या डोक्यात काही शिरायचं नाही. माझ्या डोक्यात शिरायला तीन महिने लागले.

ब्रिज. म्हणजे पत्ते. पण पत्ते म्हणायचं नाही, क्लबातल्या लोकांना राग येतो. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "पत्ते खेळायला आलोय," तर तिथल्या लायब्ररीवाल्या बाईंनी चष्म्यावरून असं पाहिलं, की मी त्यांच्या पुस्तकाचं पान दुमडलंय.

मी लिफ्टचा मेकॅनिक. छत्तीस वर्षं लिफ्टा दुरुस्त केल्या, आता घरी. मला ब्रिजशी काय करायचंय? ब्रिज खेळायची आमची ही. दर गुरुवारी चार वाजता, बावीस वर्षं, डॉक्टरीणबाईंबरोबर. डॉक्टरीणबाई दातांच्या. दवाखाना कधीच बंद केलाय, पण माणूस समोर आला की अजून आधी दातांकडे बघतात, मग डोळ्यांकडे. तर या दोघी भिडू. मी हिला सोडायला जायचो, खाली गाडीत पेपर वाचत बसायचो, ही आली की घरी. आणि घर येईपर्यंत अख्खा डाव ऐकायचा. "अहो, माझ्याकडे इस्पिकचा राजा होता ना, आणि त्या बाई बदाम खेळल्या, मग मी काय केलं माहितीये का?" मी म्हणायचो, हं. मला काय कळतंय त्यातलं? सिग्नल बघू की तिचा राजा बघू? हं. बावीस वर्षं, हं.

मग आठ महिन्यांपूर्वी ही गेली. सकाळी चहाचं आधण ठेवलं, आणि ते उकळायच्या आत. ते काही मी सांगत बसत नाही.

लोक आले, लोक गेले. जो येईल तो म्हणायचा, "रडा, मोकळे व्हा." आता रडू येत नाही त्याला मी काय करू? मला काहीच येत नव्हतं. झोप यायची, पण उठल्यावर झोपलो होतो असं वाटायचं नाही. जेवायचो, पण पानात काय होतं ते ताट घासताना कळायचं. लिफ्ट कशी दोन मजल्यांच्या मध्ये अडकते, दिवा चालू, पंखा चालू, सगळं ठीकठाक, फक्त वर जात नाही आणि खाली जात नाही... तसं.

लेक परगावी. रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला फोन. "बाबा, जेवलात का?" अगं, सातला कोण जेवतं? पण मी म्हणायचो, हो. "बरं आहे ना?" हो. "बोला ना काहीतरी." आता काय बोलू? मग ती गप्प, मी गप्प, दोन मिनिटं आम्ही एकमेकांचे श्वास ऐकणार, मग ती म्हणणार, "ठेवू?" मी म्हणायचो, ठेव. तेव्हा मला शब्द माहीत नव्हता, पण तो पासच.

अशात डॉक्टरीणबाईंचा फोन. "गुरुवारी चारला क्लबात या. दाढी करून या."

म्हटलं, "अहो, मला खेळता येत नाही."

"शिकाल."

"मला वाटत नाही मला..."

"तुम्हाला काय वाटतं ते मी विचारलेलं नाही."

आता माणूस नाही कसं म्हणतो? नाही म्हणायलाही थोडा जोर लागतो. तो नव्हता म्हणून मी गेलो. लोकांना वाटतं, हौसेनं गेला.

तिथं शिकवायला एक सर आहेत. वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. जन्मभर दुकानदारांचे काटे तपासले, आता आमची पानं तपासतात. एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. "आधी वजन करा, मग तोंड उघडा!" बारा भरले तर बोली लावायची, नाही भरले तर पास. आणि तोंड उघडा म्हणतात, पण तोंड उघडायचंच नाही बरं का. प्रत्येकाच्या कोपराशी एक डबा, डब्यात कार्डं. एक किलवर, एक चौकट, दोन इस्पिक, असं काय काय छापलेलं. जे म्हणायचं ते कार्ड काढून समोर ठेवायचं, मुकाट्यानं. आणि सगळ्यांत पुढे हिरवी कार्डं. त्यावर लिहिलंय, पास.

तुम्हाला सांगतो, अख्ख्या खेळात मला आवडलं काय असेल तर ते हिरवं कार्ड. बोलायचं नाही, बघायचं नाही, उचलायचं आणि ठेवायचं. पास. कुणी विचारत नाही, बरं आहे ना. तीन आठवड्यांत माझ्या डब्यातली हिरवी कार्डं मऊ पडली आणि बाकीची करकरीत. मग ती सवय घरी आली. न्हावी म्हणाला, "मिशी बारीक करू?" पास. शेजारी म्हणाले, "चला, फिरायला येताय?" पास. एकदा तर हातात सतरा गुण होते, सतरा! सर माझ्या खांद्यामागून मोजतायत, त्यांच्या श्वासाचा आवाज येतोय मला. मी म्हटलं, पास. सर बाहेर जाऊन पाणी पिऊन आले.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. हिची वही आणून दिली मला. निळ्या पुठ्ठ्याची. या दोघींनी मिळून ठरवलेल्या सगळ्या बोल्या तिच्यात, ही अमुक म्हणाली तर त्याचा अर्थ तमुक. हिच्या अक्षरात. आठवडाभर ती वही मी फ्रिजवर ठेवली होती. उघडली नाही. अक्षर बघायचं म्हणजे... असो. मग बुधवारी रात्रीचं जेवण झाल्यावर उघडली आणि पहिलं पान पाढ्यासारखं पाठ केलं. त्यात शेवटची ओळ होती, खाली दोनदा रेघ मारलेली. "दोन किलवर: खूप मोठी पानं आहेत. यावर काहीही झालं तरी पास म्हणायचं नाही."

झालं. दुसऱ्या दिवशी चार नंबरचं टेबल. समोर डॉक्टरीणबाई, उजवीकडे लायब्ररीवाल्या बाई, डावीकडे जजसाहेब. हे निवृत्त न्यायाधीश. खेळतात उत्तम, आणि ही गेल्यापासून त्यांचा डोळा डॉक्टरीणबाईंवर आहे. भिडू म्हणून हो! तर डॉक्टरीणबाईंनी कार्ड ठेवलं, दोन किलवर. आता या खेळात एक पद्धत आहे, की भिडूच्या बोलीचा अर्थ समोरच्यांनी विचारला, म्हणजे विरुद्ध जोडीतल्यांनी, तर तो आपण सांगायचा, ज्यानं बोली लावली त्यानं ठोकळ्यासारखं बसायचं. तर लायब्ररीवाल्या बाईंनी मला विचारलं, "तुमच्या भिडूच्या बोलीचा अर्थ काय?"

मी ताठ बसलो. पाठच होतं. खणखणीत सांगितलं, "खूप मोठी पानं आहेत. यावर काहीही झालं तरी पास म्हणायचं नाही."

बाई म्हणाल्या, "धन्यवाद," आणि त्यांनी पास ठेवलं.

माझी पाळी आली. मी पानं बघितली. दुर्री, तिर्री, सत्ती... चित्र म्हणून एक नाही. शून्य गुण. हात गेला डब्याकडे, आणि मी म्हटलं, पास.

अहो, शेजारच्या टेबलावरचे लोक उठून आले. बत्तीस वर्षांत क्लबात असं कुणी केलेलं नाही म्हणे. स्वतःच्या तोंडानं नियम सांगायचा आणि पुढच्या क्षणाला मोडायचा! जजसाहेब म्हणाले, "मी कोर्टात असे साक्षीदार पाहिलेत, पण ते खोटं तरी बोलत होते." डॉक्टरीणबाईंकडे चोवीस गुण, इस्पिकची सहा पानं, सरळ मोठा डाव उभा. आणि मी पास म्हटल्यामुळे बोली तिथंच थांबली, त्यांना खेळावं लागलं किलवर हुकूम धरून, हातात किलवरची दोन पानं. धुव्वा उडाला. आणि मग सगळ्यांनी मिळून मला विचारलं, पास का म्हणालात? काय सांगू? जवळ काही नव्हतं. काही नसताना काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं.

खाली गाडीपाशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "महिनाअखेरीला वार्षिक स्पर्धेचा फॉर्म भरायचाय. दोन नावं लागतात. जजसाहेबांनी मला विचारलंय. शेवटच्या गुरुवारपर्यंत मी थांबते, मग त्यांना हो म्हणते. मला राग नाही आलेला. पण मला खेळायचंय हो, माझं वय झालंय."

मी म्हटलं, बरं. मला काही वाटलं नाही. गाडी चालवली, घरी आलो. मग आरशासमोर दात घासताना माझ्या लक्षात आलं, की आठवड्यातून मी एकदाच दाढी करतो, ती गुरुवारी. धुतलेला शर्ट घालतो, तो गुरुवारी. माणसासारखं कुणाशी बोलतो, म्हणजे पास म्हणतो, पण म्हणतो ना, तेही गुरुवारी. आता गुरुवारही गेला तर? उरलं काय? सात सोमवार?

मग वही काढली. आणि तेव्हा मी ते पान उलटलं. पहिल्यांदा उलटलंच नव्हतं हो! त्या दोन रेघा बघून मला वाटलं, संपलं. मागच्या बाजूला पहिलीच ओळ होती, "आणि दोन किलवरवर आपल्याकडे काहीच नसेल तर, दोन चौकट. म्हणजे: हातात काही नाही. पण मी आहे. तू बोल."

मी ती ओळ पुष्कळ वेळा वाचली. पाठ कधीच झाली होती, तरी वाचत होतो.

शेवटचा गुरुवार. तेच टेबल, तीच माणसं. जजसाहेब नवा कोट घालून आले होते, आणि स्पर्धेचा फॉर्म त्यांच्या खिशातून डोकावत होता, मला दिसला. सात डाव झाले. मी चार वेळा पास म्हटलं, चारही वेळा बरोबर, सरांनी मान डोलावली. आठवा डाव. डॉक्टरीणबाईंनी पानं लावली, माझ्या दातांकडे बघितलं, मग डोळ्यांकडे बघितलं, आणि कार्ड ठेवलं. दोन किलवर.

माझ्याकडे? विचारू नका. सगळ्यांत मोठं पान नव्वी. लायब्ररीवाल्या बाईंनी पास ठेवलं. यावेळी अर्थ विचारला नाही, त्यांना दया आली असावी. माझा हात आपोआप हिरव्यावर गेला, बोटांना दुसरा रस्ताच माहीत नव्हता. आणि तुम्हाला सांगतो, मला भीती वाटली. ही गेल्यापासून पहिल्यांदा काही वाटलं, आणि वाटलं ते हे! मी हात मागे घेतला. करकरीत कार्डांत बोटं घातली, कार्डं एकमेकांना चिकटलेली, सुटेनात, जजसाहेब घड्याळ बघतायत... आणि ठेवलं. दोन चौकट.

जजसाहेब पुढे झुकले. डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "आपल्या भिडूच्या बोलीचा अर्थ काय, कळेल का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांच्याकडे काही नाही. पण ते आहेत."

बस, एवढंच. जजसाहेब मागे टेकले.

पुढे बाईंनी चार इस्पिकपर्यंत बोली नेली, इस्पिक हुकूम, दहा हात करायचे. मी माझी पानं टेबलावर मांडली, उघडी, नियमच आहे तो, भिडूनं मांडायची आणि गप्प बसायचं. माझा सगळ्यांत आवडता भाग. आणि माझ्या त्या भिकार पानांतल्या इस्पिकच्या तिर्रीनं जजसाहेबांचा बदामचा राजा कापला. तिर्रीनं! बरोब्बर दहा हात झाले. जजसाहेबांनी खिशातला फॉर्म काढला, डॉक्टरीणबाईंकडे सरकवला आणि म्हणाले, "पेन माझं घ्या."

खाली गाडीपाशी मी त्यांना म्हटलं, "ती ओळ मला आधी दिसलीच नव्हती."

तर त्या म्हणाल्या, "ती ओळ तिची. पुस्तकात तशी नाही. पुस्तकात नुसतं आहे, कमजोर पानं. ती म्हणाली, छे, असं काय लिहायचं? आमच्या घरी बघ ना, गाडीत मी बोलत असते, ह्यांच्याकडे बोलायला काही नसतं, नुसतं हं हं करतात. पण असतात. म्हणून तर मी बोलते."

मी म्हटलं, बरं. गाडीत बसलो. किल्ली लावली. बाजूच्या सीटकडे बघितलं... आणि मग गाडी सुरू करायला मला बराच वेळ लागला. लोक म्हणत होते ना, रडा, मोकळे व्हा? रडलो. मोकळा वगैरे काही झालो नाही, नाक तेवढं चोंदलं.

घरी पोचतोय तर सात. फोन. "बाबा, जेवलात का?"

म्हटलं, "नाही."

ती घाबरली. "का? काय झालं? बोला ना काहीतरी."

म्हटलं, "अगं, माझ्याकडे बोलायला काही नाही. पण मी आहे. तू बोल."

ती आधी रडली. मग आईबद्दल बोलली, मग जावयाबद्दल, मग ऑफिसातल्या साहेबाबद्दल, मग वरच्या मजल्यावरून गळणाऱ्या नळाबद्दल. सव्वा तास.

आणि आता रोज! रोज सातला! कान गरम होतो, हा कान भाजला की त्या कानाला लावतो. जावयाची मामेबहीण कुणाशी का बोलत नाही ते मला पाठ झालंय. साहेब रजेवर गेला की मलाच हायसं वाटतं. आणि मी काय म्हणतो? हं. स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर पडलो, ते सांगायचंच राहून गेलं, कारण सांगायला वेळ कुठे मिळतो?

हे बघा, खिशात हिरवं कार्ड आहे. क्लबातून एक हळूच उचलून आणलंय, म्हटलं वेळेला असावं. पण काय उपयोग?... वाजला बघा. सात. आलो गं, आलो... दोन किलवरवर पास म्हणता येत नाही.