हुकलेला सोमवार

चिखलीच्या स्टँडवर सुभद्राबाईंच्या शेजारी दोन म्हातारे दोस्त बसले होते. मालवाहू जहाजावर बरोबर होते, दहा वर्षांनी भेटत होते.

“घे कचोरी, शालिग्राम.”

“सोमवार हाय बे.”

“तू कधीपासून?”

“तिनं माह्यासाठी सोळा सोमवार धरले होते. जहाजावर मीबी धरले. एक हुकला.”

“कसा काय?”

“अमेरिकेहून जपानले जाताना तारीख पुढं नेत नव्हते का? रविवारी निजलो, उठलो त मंगळवार.”

“वहिनीले सांगितलं?”

“म्हणे, सोळाही झाले ना? मी हो म्हटलं.”

“आता सांगून टाक.”

“कोणाले, उत्तम? दिवाळीत गेली ते.”

जानेफळची गाडी लागली. तिचीच वाट पाहणाऱ्या सुभद्राबाई बसूनच राहिल्या.

“आज कितवा?”

“पाचवा. पहिल्यापासून धरले पुन्हा.”