कल्याणचा उंबरा

हॅलो?... हॅलो, कोन बोलतंय? जरा मोठ्यानं बोला, ट्रक चाललाय... कोन? नवीन ग्रामसेवक? अहो, मग भाऊसाहेब बोलतोय म्हना की सरळ! हां, मी रंगुबाईच. बोला.

सत्कार? माझा? अगं बया! मी काय केलं सत्काराजोगं?... हां... रस्ता सुरक्षेचा कारेक्रम, शाळंच्या पटांगनात... सायेब येनार... व्हय, सकाळपासनं भोंगा बोंबलतोय, कानावर आलंय.

काय आनू?... कल्याणचा फोटू?... म्हंजी पोराचा फोटू मांडीवर घेऊन मी स्टेजवर बसायचं? आनि तुमी शाल घालनार?... न्हाई हो, रडत न्हाई. ऐकतीय. बोला तुमी.

ए, बाजूनं घे की रं! डोळे फुटले का?... तुमाला न्हाई भाऊसाहेब, एका गाडीवाल्याला.

हां, योजना... अपघात झाला की दवाखाना फुकट... उचलून नेनाऱ्याला बक्षीस? चांगलं हाय की! मी कशाला नावं ठेवू? पन माझा कल्याण पडला तवा न्हवतं ना बक्षीस. दुधाची किटली एकीकडं, पोरगा एकीकडं. दर्शनाची गाडी, थांबलीबी न्हाई. आनि जे थांबले त्यांनी मोबाईल वर धरले... असू द्या. तुमी कशाला वाईट वाटून घेता? तुमी न्हवता तिथं.

मला एक सांगा, उंबरा कुठं गेला?

उंबरा हो! शाळंम्होरचा... हां, तोच. तुमचा गतिरोधक. तुमी नवीन हाय म्हनून सांगते. आमच्याकडं, शिंगणापूरच्या शिवंला, घराला दार नसतं, पन उंबरा असतो. कल्याण गेल्यावर गावानं मुरूम-डांबर टाकून रस्त्यावर तो केला, तवापासनं सगळे त्याला कल्याणचा उंबराच म्हनत्यात. रोज सकाळी हळद-कुंकू वाहते मी. आज ताट घेऊन गेले तर सपाट! जेसीबीचे दात तेवढे उमटलेत.

काय?... परत बोला... सायबाची गाडी आदळू नये म्हनून?

न्हाई न्हाई, ऐकू आलं. रस्ता सुरक्षेला येनाऱ्या सायबाच्या कमरंला हिसका बसू नये म्हनून रस्त्याची सुरक्षाच उखडली... अहो, हसू न्हाई तर काय करू! आग लागली त्या शालीला.

व्हय, अनधिकृत हुता. अधिकृत करून द्या म्हनून तुमच्याच हापिसाचे उंबरे झिजवले मी. तवा कुठं हुता तुमी सगळे?

पुढच्या आठवड्यात परत टाकनार... बरं. आनि आज? माझी नात, धनश्री, शाळंत गेलीय. कल्याणच्या मागं तेवढीच राहिलीय मला. शाळा सुटली की हाच रस्ता ओलांडनार ती. आज शनिवार हाय भाऊसाहेब! दर्शनाच्या गाड्या कशा सुसाट सुटल्यात, या बघायला... तिला काय सांगू, बाई गं, पुढच्या आठवड्यात ये घरी?

न्हाई, घरी नका पाठवू गाडी. मी घरी न्हाई.

रस्त्यावर हाय... कडंला न्हाई, मधी. बाज टाकलीय... जिथं उंबरा हुता, तिथंच. ताटबी हाय संगट... उठू? कशाला उठू?

ओरडू नका. पाठवा ना पोलीस, मी कुठं पळून चाललेय? गुडघे धरलेत माझे... काय? घोडेगाव सोडलं सायबाच्या ताफ्यानं? मग मला कशाला फोन करत बसलाय? त्या डायवरला करा. म्हनावं, हळू घे बाबा, शाळंम्होरं उंबरा हाय.

ठेवते.