बांधावरचं सागवान

मंडळी, लोणंदपासनं आटपाडीपर्यंतचं पाव्हणं आज भैरोबाच्या मंडपात बसल्यात. मी उस्मान सुतार. हातात रंधा द्या, चालवतो. पर तानूआक्का गेल्या, आन त्यांच्याबद्दल बोलायचं, म्हंजे रंध्याइतकं सोपं न्हाई.

वर बघा. ही तुळई. ही आक्कांनी दिल्याली.

ब्रह्मदेशातली लढाई संपली आन फुडच्याच उन्हाळ्यात ह्या देवळाचं छप्पर बसलं. पंच आक्कांकडं गेलं, संगं मी. पंच म्हणालं, "आवं आक्का, वड्याकाठचं झाड द्या. जरा वाकडं हाय, पर भागंल."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. "उस्मान, देवळाला चांगलं झाड कुठलं?"

"चांगलं ते बांधावरचं सागवान. पर ते महादूच्या घराला ठिवलंय न्हवं?"

"मी चांगलं कुठलं ते इचारलं."

महादू, त्यांचा एकुलता लेक, नुकताच ब्रह्मदेशातनं लढाईवरनं परतला व्हता. झाड त्याच्या बापानं लावल्यालं. बाप गेला, झाड ऱ्हायलं. महादू लय तापला. "आई, खंदकात पडून मी त्या घराचं सपान बघितलं गं!"

आक्का म्हणाल्या, "बघितलंस, आन जित्ता परत आलास. आता चांगलं आपुन ठिवायचं आन वाकडं भैरोबाला द्यायचं? कुठल्या तोंडानं?"

महादू उठून गेला. सकाळी मी बांधावर पोचलो, तर हा आधीच तिथं. त्यानं करवतीचं दुसरं टोक धरलं.

मग मंडळी, माझाच हात मागं कसा ऱ्हावा? लेकीच्या पलंगासाठी शिसव ठिवलं व्हतं. लेकच म्हणाली, "लावा अब्बा." त्याची कमळं कोरली, तुळईला बसवली. तसं काम माझ्या हातनं पुन्हा झालं न्हाई.

आन महादूचं घर? वड्याकाठच्या वाकड्या झाडावर उभं ऱ्हायलं. मीच बांधलं. आल्यागेल्याला आक्का हसून सांगायच्या, "आमची तुळई लाजाळू हाय, मान खाली घालती."

परवा शेवटच्या घडीला महादू उशाशी बसला व्हता. म्हणाला, "आई, तुला चांगलं घर बांधायचं ऱ्हाऊन गेलं."

आक्का म्हणाल्या, "न्हाई रं बाळा. ह्या घरात मला लय गाढ झोप लागली."

मंडळी, उभं ऱ्हावा. घटकाभर गप ऱ्हाऊ.

आक्का, उस्मानचा सलाम घ्या.